‘मॅडम, दम लागला!’

मंठ्यात महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉल संघाची मी प्रशिक्षक. माझी निम्मी शक्ती शिट्टी फुंकण्यात जाते आणि उरलेली "काय खाऊन आलीस?" हे विचारण्यात! उत्तर ठरलेले : "चहा-टोस्ट." चतुर्थीला तर नुसताच चहा. परवा एकीने ठसक्यात सांगितले, "मॅडम, आज दोन टोस्ट खाल्ले!" जणू फडात उतरणाऱ्या पैलवानाचा खुराकच!

अशा मुलीला पहिल्या दहा मिनिटांतच धाप लागते. मग घरचे म्हणतात, "मुलींना हा खेळ झेपत नाही." पालकहो, दोष खेळाचा नाही, बहुधा रक्त कमी पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. शंभर मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असले, तर स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो.

उपाय महाग नाही. बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ आणि वर लिंबू पिळावे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते. चहा लोह अडवतो, म्हणून जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर तो टाळावा. सतत थकवा, चक्कर किंवा पाळीत जास्त रक्तस्राव असल्यास सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

मुलींनी माझे नाव ‘लिंबू मॅडम’ ठेवले आहे. चालेल! रिंग दहा फुटांवर असते. तिथवर चेंडू पोचवायचा तर आधी पोटात भाकरी हवी.