अग्निबाणाची वाऱ्याशी झुंज

अग्निबाणाचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. पण तो असा उंच, सडपातळ आणि टोकाला निमुळता का, याचा कधी विचार केलात?

कडब्याने भरलेली गाडी वाऱ्यासमोर हाकली की बैलांना ओढ जड जाते. हवेचा हिशेब मोठा कडक आहे. वेग दुप्पट झाला, की तिचा दाब चौपट होतो. अग्निबाणाचा वेग तर क्षणाक्षणाला वाढतो. मात्र वर हवा विरळ होत जाते, म्हणून पुढे दाब उतरतो. खरी कसोटी लागते ती उड्डाणानंतर मिनिटभराच्या आसपास, साधारण दहा किलोमीटर उंचीवर.

मग पत्रा जाड का घालू नये? अडचण वजनाची. आपल्या 'एएसएलव्ही' अग्निबाणाचे वजन होते सुमारे ४० टन आणि तो नेऊ शके तो उपग्रह केवळ १५० किलोचा! सांगाड्याचे वजन वाढले, की उपग्रहाचे वजन घटलेच.

या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंना एकेक बाण बांधलेला असे. आधी ते दोन जळत, मग मधला मुख्य बाण हवेतच पेटे. २४ मार्च १९८७ रोजी श्रीहरिकोट्याहून पहिले उड्डाण झाले, पण मुख्य बाण पेटलाच नाही. १३ जुलै १९८८ रोजी बाजूचे बाण विझले आणि मुख्य बाणाने जोर धरण्याआधी थोडा खंड पडला. नेमका तेव्हाच हवेचा दाब मोठा होता. अग्निबाणाचा तोल गेला आणि तो मोडला.

शास्त्रज्ञांनी मग दोन उपाय केले. तिरकामठ्याच्या बाणाला मागे पिसे लावतात, तो सरळ जातो. तसे अग्निबाणाच्या बुडाशी पंख बसवले. शिवाय मुख्य बाण ठरलेल्या सेकंदाला न पेटवता, बाजूच्या बाणांचा जोर ओसरल्याचे यंत्राने ओळखून पेटवायचे ठरले. २० मे १९९२ रोजी उपग्रह कक्षेत पोहोचला, पण ठरल्यापेक्षा खालच्या. ४ मे १९९४ रोजी पूर्ण यश आले.

पुढच्या 'पीएसएलव्ही'चा मुख्य बाण जमिनीवरच पेटतो. त्याचे उड्डाण दूरदर्शनवर दिसले, तर मुलांना जवळ बसवून पहिले मिनिट नीट पाहा. वाऱ्याशी खरी झुंज तेव्हाच चाललेली असते.