मुंगी ओळखा, मगच औषध टाका

पावसाळा लागला की आपल्या घरांत मुंग्यांची रांग सुरू होते. ओट्यावर, साखरेच्या डब्यात, बाळाच्या झोळीतसुद्धा. मग दुकानातून पावडर किंवा खडू येतो आणि घरभर विष पसरते. रांगणारे लेकरू तेच हात तोंडात घालते. म्हणून आम्ही म्हणतो, आधी मुंगी ओळखा.

पिवळसर बारीक मुंगी : जेमतेम 2 मिलिमीटर. भिंतीच्या भेगेत, स्विचबोर्डात राहते. मोरी, कचरा आणि जखमेची पट्टी, सगळीकडे फिरते, म्हणून जंतू पसरवते. हिच्यावर फवारा मारू नका. एका घरट्यात अनेक राण्या असतात. फवारा बसला की घरटे फुटून एकाची चार होतात.

काळी, सैरावैरा पळणारी : पाय लांब, रांग मोडून धावते. उघड्या अन्नावर येते. फारसा त्रास देत नाही.

मुंगळा : मोठा, काळा. डंख मारत नाही, पण कडकडून चावतो.

तांबडी मुंगी : अंगणात, नळाजवळच्या भुसभुशीत मातीत वारूळ करते. एकाच वारुळात लहान आणि मोठ्या डोक्याच्या मुंग्या दिसतात. डंखाने आग होते, नंतर फोड येतो. तो फोडू नका. साबण-पाण्याने धुऊन थंड पाण्याची घडी ठेवा. ओठ-चेहरा सुजला, दम लागला किंवा चक्कर आली तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा, मेडिकल किंवा मेयो गाठा.

पंख असलेले किडे दिसले तर कंबर पाहा. बारीक कंबर म्हणजे मुंगी. कंबर जाड आणि चारही पंख सारखे असतील तर ती उधई, दाराच्या चौकटी तपासा.

पिवळ्या मुंगीसाठी अर्धा कप पाण्यात दोन चमचे साखर आणि पाव चमचा कॅरमची बोरिक पावडर विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून मुंग्यांच्या वाटेवर ठेवा. मुंग्या ते हळूहळू राणीपर्यंत नेतात, त्यामुळे आठवडाभर धीर धरा. बोरिकही विषच आहे. बोळा लेकरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा, तो कप पुन्हा खाण्यापिण्यासाठी वापरू नका.

बाकी मुंग्यांना घट्ट झाकणाचे डबे, रात्री पुसलेला ओटा आणि सिमेंटने बुजवलेल्या भेगा पुरतात. बाळाच्या झोळीजवळ मात्र खडू नको आणि पावडरही नको.