सगळ्यांचं काम एकदाच: जेबॉस ते वाइल्डफ्लाय

एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधीच यंत्र बंद पडलं, तर? एकतर दोन्ही नोंदी पक्क्या व्हायला हव्यात, नाहीतर दोन्ही रद्द. यालाच ट्रान्झॅक्शन म्हणतात. शिवाय हजारो विनंत्या थ्रेडमध्ये वाटायच्या, लॉगिन तपासायचं आणि डेटाबेसशी दर वेळी नवं कनेक्शन न उघडता तयार पूलमधलं वापरायला द्यायचं. ही कामं बँकेला लागतात, तशीच विमा कंपनीला आणि विद्यापीठालाही. जावाच्या जगात ती अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर करतो. प्रोग्रामरने फक्त आपल्या व्यवहाराचे नियम लिहायचे.

१९९९ साली सन मायक्रोसिस्टिम्सने या कामांचे मानक जे२ईई या नावाने एकत्र आणले. बाजारात बीईएचा वेबलॉजिक आणि आयबीएमचा वेबस्फिअर होता, पण त्यांच्या परवान्यांचा खर्च छोट्या संस्थांना झेपणारा नव्हता. त्याच वर्षी मार्क फ्लरी यांनी मुक्त स्रोताचा एक प्रकल्प सुरू केला, तोच जेबॉस.

जेबॉस फुकट होता म्हणून टिकला, असं म्हणणं अपुरं आहे. त्याची रचनाच वेगळी होती. प्रकल्पातले विकासक रिकार्ड ओबर्ग यांच्या कल्पनेतून त्याचा गाभा अगदी लहान ठेवला गेला आणि बाकीच्या सेवा त्याला जोडल्या गेल्या. मध्यस्थ कोड आधी तयार करून कंपाइल करण्याची कटकट गेली, कारण जेबॉस ते काम चालू असतानाच करी. ‘डिप्लॉय’ फोल्डरमध्ये फाइल टाकली की अ‍ॅप्लिकेशन सुरू. सॉफ्टवेअर मोफत आणि कमाई सल्ला-सेवेतून, हा व्यवसायही चालला. २००६ साली रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीने जेबॉसची कंपनी विकत घेतली.

वाढता वाढता जेबॉस जड झाला, सुरू व्हायला बराच वेळ घेऊ लागला. तेव्हा डागडुजीवर न भागवता गाभाच नव्याने लिहिला गेला. २०११ च्या सातव्या आवृत्तीत सेवा एकापाठोपाठ एक सुरू न होता समांतर सुरू होऊ लागल्या, त्यामुळे सर्व्हर काही सेकंदांत उभा राहू लागला. लायब्ररी स्वतंत्र मॉड्यूलमध्ये गेल्या. अ‍ॅप्लिकेशनची आणि सर्व्हरची एकच लायब्ररी वेगवेगळ्या आवृत्तीची असल्याने होणारे झगडे त्यामुळे बरेच कमी झाले. २०१४ मध्ये आठवी आवृत्ती ‘वाइल्डफ्लाय’ नावाने आली. रेड हॅटच्या व्यावसायिक उत्पादनाचं नाव मात्र जेबॉसच राहिलं.

पुढे मानकही एका कंपनीच्या हातून सुटलं. २०१७ मध्ये सन विकत घेतलेल्या ओरॅकलने ते एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं आणि त्याचं जकार्ता ईई झालं.

या प्रवासाचं मोल मला इथे दिसतं: ज्या ट्रान्झॅक्शन मॅनेजरवर मोठे आर्थिक व्यवहार विसंबतात, त्याचा कोड कोणताही विद्यार्थी आज उघडून वाचू शकतो, त्यातली चूक दाखवू शकतो आणि दुरुस्तीही पाठवू शकतो. सगळ्यांना लागणारं काम सगळ्यांच्या नजरेखाली होणं, हीच त्याच्या विश्वासार्हतेची भक्कम हमी आहे.