जवळपास २ लाख लोकांना चव विचारली, तरी कोका-कोला तोंडावर कशी पडली?

२३ एप्रिल १९८५. न्यूयॉर्कमध्ये कोका-कोलाची पत्रकार परिषद भरली होती. चेअरमन रॉबर्टो गोइझुएटा यांनी जाहीर केलं की कंपनी तब्बल ९९ वर्षांनी आपला फॉर्म्युला बदलतेय. जुनं कोक बंद, त्याच्या जागी नवं, जरा गोड कोक.

हा निर्णय काही लहर आली म्हणून घेतलेला नव्हता. १९७५ पासून पेप्सी डोळे बांधल्यासारखी चाचणी घ्यायची, म्हणजे ग्लासवर नाव नाही, फक्त चव घ्या आणि सांगा. त्यात लोक पेप्सीला कौल देत होते आणि पेप्सी त्याच्या जाहिराती करत होती. कोकचा बाजारातला वाटा घसरत होता. मग कंपनीने सुमारे ४० लाख डॉलर खर्चून १ लाख ९० हजारांच्या आसपास लोकांना वेगवेगळे नमुने चाखायला दिले. नव्या चवीने जुन्या कोकलाही हरवलं आणि पेप्सीलाही.

बिझनेसच्या अभ्यासक्रमात याला संख्यात्मक संशोधन, म्हणजेच क्वांटिटेटिव्ह रिसर्च म्हणतात. किती लोक, किती टक्के, किती वेळा, असे याचे प्रश्न असतात. ठरलेली प्रश्नावली, ठरलेले पर्याय, मोठा सॅम्पल आणि शेवटी आकडेमोड. सॅम्पल नीट निवडला असेल तर हजार-दोन हजार लोकांवरून लाखोंचा अंदाज बांधता येतो, ही याची खरी ताकद. (नीट निवडला असेल तर! मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्म टाकून ५० उत्तरं गोळा केली, तर त्यातून फक्त मित्रांचं मत कळतं.)

दुसरी पद्धत गुणात्मक, म्हणजे क्वालिटेटिव्ह. इथे माणसं थोडीच असतात, पण त्यांना मोकळेपणाने बोलू दिलं जातं. दीर्घ मुलाखती घेतात, आठ-दहा जणांना एकत्र बसवून गटचर्चा घेतात, ज्याला फोकस ग्रुप म्हणतात, किंवा दुकानात उभं राहून गिऱ्हाईक काय करतं ते नुसतं बघतात. लोक असं का वागतात, हे इथे शोधायचं असतं.

आता गंमत बघा. कोकने ही दुसरी पद्धतसुद्धा वापरली होती. हीच चव कोक म्हणून विकली तर चालेल का, असं विचारल्यावर १० ते १२ टक्के लोक चक्क भडकले होते. आम्ही कोक पिणंच सोडू, असं म्हणाले. गटचर्चेत तर अशा एक-दोघांमुळे बाकीचेही नव्या चवीच्या विरोधात जायला लागले.

कंपनीने मात्र सर्व्हेच्या आकड्यांना जास्त वजन दिलं. इथे त्यांना वेड्यात काढणं सोपं आहे, पण त्यांचं अगदीच चुकलं असंही नाही. गटचर्चेत मोठ्या आवाजात बोलणारा माणूस बाकीच्यांना आपल्या बाजूला ओढतो, हा या पद्धतीचा दोष पुस्तकातही शिकवतात. म्हणून त्यांनी तो आवाज चाळणीतून काढून टाकला. फक्त एक गोष्ट निसटली. बाजारात आल्यावरही माणसं एकमेकांशी बोलणारच होती. गटचर्चेतला तो दोष म्हणजे खऱ्या जगाची छोटी आवृत्ती होती.

आणि झालंही तसंच. कंपनीच्या हेल्पलाइनवर आधी दिवसाला ४०० फोन यायचे, ते जूनपर्यंत १,५०० वर गेले. काहींनी जुन्या कोकचा साठा करून ठेवला. कंपनीने हे फोन ऐकायला एक मानसोपचारतज्ज्ञ बसवला. त्याचं निरीक्षण असं, की काही जण घरातलं कुणी गेल्यासारखं बोलतायत.

चव चाचणीच्या फॉर्मवर यासाठी रकानाच नव्हता. घोटभर पिऊन 'कुठलं आवडलं?' एवढंच विचारलं होतं. घोटभर प्यायला गोड पेय छान लागतं, अख्खी बाटली संपवताना तेच गोड नकोसं होऊ शकतं. शिवाय तुमचं जुनं कोक कायमचं बंद होणार, हे चाखणाऱ्यांना सांगितलंच नव्हतं. आकडे खरे होते, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते.

म्हणून आता बरेच संशोधक मिश्र पद्धत वापरतात. आधी थोड्या लोकांशी बोलून नेमकं काय विचारायचं ते शोधायचं, मग तेच प्रश्न हजारोंना विचारून मोजायचं. कधी उलटही करतात, म्हणजे सर्व्हेत विचित्र आकडा दिसला की त्याच लोकांकडे जाऊन कारण विचारायचं. अर्थात यात वेळ आणि पैसा दुप्पट जातो, त्यामुळे घाईत असलेली कंपनी पहिली काट याच टप्प्यावर मारते.

कोकचं पुढे काय झालं? ७९ व्या दिवशी, ११ जुलै १९८५ ला कंपनीने जुनी चव 'कोका-कोला क्लासिक' नावाने परत आणली. ही बातमी सांगायला एबीसी चॅनेलच्या पीटर जेनिंग्ज यांनी दुपारची चालू मालिका मध्येच थांबवली होती. वर्ष संपेपर्यंत क्लासिकने नव्या कोकला विक्रीत मागे टाकलं.