रात्रीचा शिरस्ता

खानदेशातील घराघरांत मुखमार्जनाची वेळ म्हणजे सकाळ, हा शिरस्ता इतका जुना आहे की त्याविषयी फेरविचार करावा असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. तोंड धुतल्यावाचून चहा मिळायचा नाही, अशी ज्या घरात सक्त ताकीद असते, त्याच घरातले तीन वर्षांचे मूल रात्री दुधात बुडवलेली बिस्किटे खाऊन तसेच अंथरुणावर जाते, आणि ते एकदाचे झोपले या समाधानात वडीलधारी माणसे दिवा मालवतात. दोंडाईच्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका आजींजवळ मी एकदा हा विषय काढला, तेव्हा नातवाच्या अंगावरची गोधडी सारखी करीत त्या म्हणाल्या, "भाऊ, दूधना दात शेतस, पडी जातीन."

या बोलण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून धाब्यावर फेकला की त्याचे प्रकरण मिटले, असेच आपण सारे मानत आलो. परंतु दुधाचे दात एकूण २०, आणि त्यांपैकी समोरचे जरी सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागले, तरी दुधाच्या दाढा दहाव्या, अकराव्या, क्वचित बाराव्या वर्षापर्यंत जागेवर असतात. म्हणजे प्राथमिक शाळेचे सारे शिक्षण मूल त्याच दाढांनी भाकरी चावीत पुरे करते. ती दाढ किडली की मूल एकाच बाजूने चावू लागते, कळण्याची भाकरी नको म्हणते, मऊ म्हणून बिस्किट मागते, आणि त्या बिस्किटाने उरलेल्या दाढांची वाट लागते. शिवाय वेळेआधी दाढ काढावी लागली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत कलतात आणि मागाहून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते.

बिस्किटाला मी दोष का देतो, हे दोंडाईचेकरांना समजावणे सोपे आहे. आपल्या गावात मक्यापासून स्टार्च काढून त्याचे ग्लुकोज करणारा कारखाना आहे. पिठूळ पदार्थाची साखर करण्याचे हेच काम आपल्या तोंडातली लाळही, लहान प्रमाणावर का होईना, अहोरात्र करीत असते. दातांच्या खाचांत बसलेला बिस्किटाचा लगदा तिथल्या तिथे गोड होतो, त्या साखरेवर दातांच्या पृष्ठभागावरील जंतू पोसतात आणि आम्ल निर्माण करतात, व ते आम्ल दाताच्या कठीण कवचातील खनिज विरघळवू लागते. सुदैवाने लाळेचे दुसरेही एक काम आहे: ती आम्ल धुऊन काढते आणि गेलेले खनिज हळूहळू परत भरते. मात्र त्यासाठी तिला सवड लागते. सारंगखेड्याच्या यात्रेतली गोडी शेव मुलाने जेवणाबरोबर एकदाच खाल्ली तर लाळ ते नुकसान निस्तरू शकते. तीच शेव खिशात ठेवून दिवसभर चघळली तर लाळेला उसंतच मिळत नाही. किती खाल्ले, यापेक्षा किती वेळा खाल्ले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

झोपेत तर लाळेचे पाझरणे अगदीच मंदावते. म्हणून रात्रीचे दंतमार्जन सकाळच्याहून अधिक मोलाचे, आणि गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून तान्ह्याला निजवणे सर्वांत घातक. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. इतकी मुले शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच ठणका सोसत असतील, तर हयगय मुलांची नव्हे, आपली आहे.

आता कृतीकडे वळू. मूल स्वतः ब्रश फिरवते ते खेळ म्हणून चांगले, पण एका ओळीत सुवाच्य अक्षर काढण्याइतका हात स्थिर होईपर्यंत, म्हणजे सातव्या-आठव्या वर्षापर्यंत, दात मोठ्या माणसानेच घासले पाहिजेत. त्यासाठी मांडी घालून बसावे, मुलाचे डोके मांडीवर घ्यावे, म्हणजे तोंड दिव्याकडे होते. डाव्या हाताच्या बोटाने वरचा ओठ अलगद उचलावा. समोरच्या चार दातांच्या हिरडीलगत खडूसारखी पांढुरकी रेघ दिसली तर ती किडीची पहिली वर्दी समजावी. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो आणि नुकसान भरून निघू शकते. पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी, तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली दिसते तशी मुळीच नव्हे. घासून झाल्यावर मुलाने फेस थुंकावा, पण खळखळून चुळा भरून फ्लोराइड धुऊन टाकू नये. राखुंडी मुलांच्या दातांना लावू नये, कारण ती कवच खरवडते.

सवय मुलाला घड्याळाने लागत नाही, क्रमाने लागते. जेवण, दात, गोष्ट, झोप. हा क्रम महिनाभर मोडला नाही तर पुढे मूलच तो मोडू देत नाही. "दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील," हा धाक मात्र कोणी घालू नये, कारण त्या धाकाने मूल पुढे ठणका लपवू लागते. आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. तंबाखूयुक्त दंतमंजन व पेस्ट यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. तरीही मशेरी किंवा तपकीर दातांना लावणारी माणसे अजून आहेत, आणि पुडी आणायला दुकानात धाडतात ते नातवालाच. दातांना काय लावायचे, हे ते मूल तेव्हाच शिकत असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करते, व त्या तपासणीत दातही येतात. त्या दिवशी मुलाची हजेरी चुकवू नये. पुढील उपचारांसाठी धुळ्याला दंत महाविद्यालय आहे.

हे सारे मी सांगितले तेव्हा शेजारच्या आजींनी वाद घातला नाही. काही दिवसांनी रात्री त्यांच्या ओट्यावरून हाक आली. मोठी नात, वय सहा, आजींच्या मांडीवर आ करून पडली होती. एकही दात पडलेला नसताना शेवटच्या दाढेच्या मागे हिरडीतून पांढरे टोक वर आले होते. ती दुधाची दाढ नव्हे, पहिली कायमची दाढ, आणि तिच्या जागी पुन्हा दुसरी येणार नाही, असे मी सांगताच आजींनी बल्ब जरा खाली ओढला आणि ब्रश तिथपर्यंत नेला.