नोकरी लागली, आता घालायचं काय?

२०२४च्या सुरुवातीला पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीतून राज्यभर हजारो तरुण-तरुणींची शिक्षण सेवक म्हणून निवड झाली. त्याच सुमारास, १५ मार्च २०२४ रोजी, शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढून सर्व व्यवस्थापनांच्या शाळांतील शिक्षकांसाठी पेहरावाचे नियम ठरवले. त्यामुळे नेमणुकीचा आदेश हाती पडताच घरोघरी एक प्रश्न आला: आता कपडे कोणते घ्यायचे? बुलढाणा जिल्ह्यात तो नीट समजून घ्यायला हवा. इथलं हवामान, इथले रस्ते आणि शिक्षण सेवकाचं मानधन, तिन्हींचा त्याच्याशी संबंध आहे.

नियम काय सांगतो

शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता व दुपट्टा वापरावा. शिक्षकांनी शर्ट-पँट घालावी, शर्ट इन केलेला असावा, शर्टाचा रंग फिका आणि पँटचा गडद असावा, अशी या निर्णयाची अपेक्षा आहे. जीन्स, टी-शर्ट, तसंच पँट वगळता गडद रंगांचे किंवा चित्रविचित्र नक्षीचे कपडे चालत नाहीत. मात्र पेहरावाचा रंग कोणता, हे शाळेने ठरवायचं आहे. म्हणून नव्या शिक्षकाने आधी मुख्याध्यापकांना विचारावं आणि मगच दुकानाची पायरी चढावी. सहा जोड घेऊन ठेवले आणि शाळेचा रंग वेगळा निघाला, तर नुकसान आपलंच.

तहसील, पंचायत समिती किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात रुजू होणाऱ्यांसाठी सामान्य प्रशासन विभागाचं ८ डिसेंबर २०२०चं परिपत्रक आहे. ते कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू होतं. महिलांना साडी, सलवार-कुर्ता, तसंच ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्ट चालतो. पुरुषांसाठी शर्ट-पँट. कार्यालयात स्लीपर नको आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी, असंही त्यात म्हटलं आहे. सुरुवातीला जीन्स आणि टी-शर्ट दोन्हींवर बंदी होती. २०२१च्या मार्चमध्ये जीन्सला मुभा मिळाली, टी-शर्टवरची बंदी राहिली. वकिली सुरू करणाऱ्यांसाठी काळा कोट आणि पांढरे बँड हा बार कौन्सिलचा नियम आहे; पण सर्वोच्च व उच्च न्यायालयं वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात कोटाची सक्ती नसते. उन्हाचा विचार नियमालाही करता येतो, याचं हे चांगलं उदाहरण.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर हा घाटावरचा भाग. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद हा घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. तिथे पॉलिएस्टरचा चकचकीत शर्ट दुपारपर्यंत अंगाला चिकटतो. म्हणून रंगाच्या आधी कापड ठरवावं. सुती कापड घाम टिपतं आणि हवा खेळू देतं. पण ते आखडतं आणि त्याला इस्त्री लागते. शिवायला देण्याआधी ते एकदा पाण्यातून काढून वाळवावं. रोजच्या इस्त्रीला वेळ नसेल, तर सुताचं प्रमाण जास्त असलेलं मिश्र कापड बरं.

शिवून घेणार असाल तर हिशेब सोपा आहे. ३६ इंच पन्ह्याचं कापड असेल, तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण अडीच मीटर लागतं. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात पँट सव्वा मीटरमध्ये बसते. शिंप्याला सांगून शिवणीत थोडं जास्तीचं कापड सोडून घ्यावं. पुढे अंगावर घट्ट झालं तर सैल करता येतं.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा पावसाला सुरुवात होत असते. तालुक्याच्या गावाहून खेड्यातल्या शाळेत अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकांना काळ्या मातीचा चिखल चुकत नाही. गडद पँट तिथे खरोखर कामाची. गाडीवर ओढणी किंवा पदर नीट खोचलेला असलाच पाहिजे. तो चाकात अडकून जीवघेणे अपघात होतात. पायात पट्ट्याची, पकड असलेली सँडल असावी.

खिसा आणि पेहराव

जानेवारी २०२३पासून शिक्षण सेवकाला प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मानधन मिळतं आणि हा काळ ३ वर्षांचा असतो. घरापासून दूर नेमणूक झाली, तर त्यातूनच भाडं आणि पेट्रोल भागवायचं. अशा माणसाने पहिल्या महिन्यात दोन-तीन जोडांवर थांबावं. स्वच्छ धुतलेले, गुंड्या शाबूत असलेले, मापाचे दोन शर्ट दिवसाआड धुऊन वर्ष काढता येतं. शाळांनीही महागडं, एकाच दुकानात मिळणारं कापड ठरवू नये. बाजारात कुठेही मिळेल असा साधा रंग निवडावा.

पेहरावामागचा खरा हेतू शेगावला दिसतो. श्री गजानन महाराज संस्थानात पांढऱ्या वेशातला सेवेकरी दिसला की परगावच्या भाविकाला कुणाला विचारायचं ते लगेच कळतं; सेवेकरीही त्याला ‘माउली’ म्हणून वाट दाखवतो. वेशामुळे माणूस ओळखू येतो, वागण्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो. शाळेत आणि तहसीलीतही लोकांना एवढंच हवं असतं.

खामगावची कापूस बाजारपेठ इंग्रजांच्या काळापासून नावाजलेली. ज्या जिल्ह्याच्या काळ्या मातीत कापूस पिकतो, तिथल्या नव्या शिक्षकाने आणि कर्मचाऱ्याने पहिल्या पगारात निदान एक सुती जोड घ्यावा. शाळेचा रंग आधी विचारा, कापड हाताने चाचपून घ्या, कर्ज काढून कपडे घेऊ नका आणि नव्या कामाला स्वच्छ, निर्धास्त मनाने रुजू व्हा.