उपग्रहाने दाखविलेले स्थान व त्याची दुरुस्ती

तराजूविषयी शंका आली म्हणजे आपण त्यात ठाऊक वजनाचे माप टाकून पाहतो. जो फरक दिसेल तो ध्यानात ठेवून पुढील वजन दुरुस्त करता येते. विमानाचे स्थान सांगणाऱ्या उपग्रहांची चूकही याच रीतीने सुधारली जाते.

अमेरिकेच्या जी.पी.एस. योजनेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवितात. संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून ग्राहकयंत्र अंतर काढते व निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्वतःचे स्थान ठरविते. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युतभारित थरातून, म्हणजे आयनांबरातून, येताना संदेशास विलंब होतो. विषुववृत्तानजीकच्या आपल्या देशात हा थर दिवसभरात फार बदलतो. त्यामुळे स्थान काही मीटरने चुकते, आणि उंचीतील चूक त्याहूनही अधिक असते. उतरणाऱ्या विमानास ती घातक ठरू शकते.

यावर उपाय म्हणून भारतीय अंतराळ संशोधन संस्था व भारतीय विमानपत्तन प्राधिकरण यांनी ‘गगन’ यंत्रणा उभारली. नागपूर, गोवा, अहमदाबाद आदी १५ ठिकाणी संदर्भ केंद्रे आहेत. त्यांचे खरे स्थान आधीच अचूक मोजलेले असते. उपग्रहाच्या संदेशात त्याहून जो फरक आढळतो, तो बंगळूरच्या नियंत्रण केंद्राकडे जातो. तेथे तयार झालेली दुरुस्ती जीसॅट मालिकेतील उपग्रहांमार्फत विमानापर्यंत पोहोचते. एखाद्या उपग्रहाचा संदेश विश्वासार्ह नसेल, तर वैमानिकास काही सेकंदांत इशाराही मिळतो. चूक होण्यापेक्षा ती न कळणे अधिक धोक्याचे, म्हणून या इशाऱ्याचे मोल मोठे आहे. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने २०१३ साली प्रवासमार्गासाठी व २०१५ साली उंचीच्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी गगनला मान्यता दिली.

अंधेरी तालुक्यातील जुहू विमानतळावरून हेलिकॉप्टरे ये-जा करतात. पुण्याकडे जाताना सह्याद्रीचा घाट ओलांडावा लागतो आणि पावसाळ्यात तो ढगांनी झाकलेला असतो. २०२३ साली पवन हंसच्या हेलिकॉप्टरने गगनच्या साहाय्याने जुहू ते पुणे असे प्रात्यक्षिक उड्डाण केले. धावपट्टीजवळ खर्चिक मार्गदर्शक यंत्रे नसलेल्या लहान विमानतळांनाही गगनचा लाभ होतो. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे विमान या पद्धतीने उतरले.

शेतकरी बंधूंनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या भ्रमणध्वनीवर दिसणारे स्थान काही मीटरने चुकलेले असू शकते. वाट शोधण्यास ते पुरे पडते, परंतु बांधाची हद्द ठरविण्यास मुळीच नाही. काही मीटरच्या फरकावरून शेजाऱ्याशी कायमचे वैर जडते. भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार रोव्हर यंत्र वापरतात. त्यातील स्थान पक्क्या केंद्राशी तुलना करून दुरुस्त केलेले असते. म्हणून हद्दीचा वाद उद्भवल्यास ग्रामसेवकांनी संबंधितांना रीतसर मोजणीचा अर्ज करण्यास सांगावे.